घाम गाळून उतरवलेलं वजन आणि सुईने उतरवलेलं वजन

चार वर्षांपूर्वी मी १४ किलो वजन उतरवलं होतं. डाएट, रोजचं चालणं, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप, सगळं अगदी रीतसर. तेव्हा जे कौतुक झालं ना, ते मला नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं. लोक थांबवून विचारायचे काय केलंस, कसं केलंस, आणि मी पण कॉलर ताठ करून सांगायचो, काही नाही हो, मनाचा निर्धार पाहिजे बस. मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने, म्हणजे ताईने, १९ किलो उतरवले. माझ्यापेक्षा ५ जास्त. तिची शुगर ताळ्यावर आली, गुडघा कुरकुरायचा थांबला, जिना चढताना मधल्या वळणावर मोबाईल बघायचं नाटक करत थांबावं लागत नाही आता. आणि तिला काय ऐकायला मिळालं? "हो, पण इंजेक्शन घेऊन ना!"

तो जो "पण" आहे ना, तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, माझे ते १४ किलो परत आले, वर व्याज म्हणून २ आणखी आले. अडीच वर्षांत येरे माझ्या मागल्या. माणूस तोच, घर तेच, आणि तो निर्धार का काय तोही तोच असणार, कुठे जाणार तो. मग झालं काय? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला आणि बरेच दिवस त्याचं एकच उत्तर देत राहिलो, की मी आळशी आहे. आता मला वाटतं ते उत्तर चूक होतं, निदान अपुरं तरी होतंच.

ओझेम्पिक, वेगोव्हीसारखं भूक मारणारं औषध चांगलं का डाएट चांगलं, ही चर्चा हल्ली जिथेतिथे चालू असते आणि ती ऐकताना मला सारखं वाटतं की भांडण तब्येतीचं नाहीचे, भांडण पुण्याईचं आहे. वजन कष्टाने कमी झालं तर ते कमावलेलं, सुईने कमी झालं तर ते ढापलेलं. रक्तवाहिन्यांना, यकृताला, गुडघ्याच्या कूर्चेला या कमावलेल्या-ढापलेल्याशी काही घेणंदेणं नसतं. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याच्या वजनाने त्याच्या तब्येतीला खरंच धोका आहे त्याने औषध घेण्यात कमीपणा काही नाही. आणि लाइफस्टाइलला दर वेळी वजनकाट्यावर उभं करून नापास ठरवणंही बंद करा, कारण तिचं काम बऱ्याच अंशी वेगळं आहे आणि ते काम कुठलंच इंजेक्शन करत नाही.

आता भुकेबद्दल. मी डाएटवर होतो तेव्हाचे पहिले तीन महिने मस्त गेले, वजन उतरत होतं, नशा होती. त्यानंतर जे सुरू झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात लाइट न लावता उभा असायचो, डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून धरून हळूहळू उघडायचो, खट्ट आवाज येऊ नये म्हणून. चाळिशीचा माणूस, स्वतःच्या घरात चोरी करतोय. दिवसभर मीटिंगमध्ये बसलो तरी डोक्याच्या एका कोपऱ्यात पुढचं जेवण कधी, किती, काय, हे चालूच. मला वाटायचं हा माझा स्वभावदोष आहे.

तर १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. स्वतःहून तयार झालेले तरुण, नैतिक कारणाने युद्धात लढायला नकार दिलेले, म्हणजे निर्धाराच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा चार पावलं पुढेच असणार. त्यांना २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरी दिल्या आणि त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरवलं. गंमत बघा, हा आकडा आजच्या कितीतरी डाएट चार्टवर निवांत छापलेला असतो, फक्त ते तरुण दिवसभर कामही करत होते आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालत होते. काय झालं त्यांचं? ताटं चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, स्वप्नात जेवण दिसायला लागलं, चिडचिडे आणि उदास झाले. हे वाचलं तेव्हा मला ते डब्याचं झाकण आठवलं.

पुढचं संशोधन तर अजून स्पष्ट आहे. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने लेप्टिन शोधलं, हा चरबीच्या पेशींमधून निघणारा हार्मोन, मेंदूला सांगतो की साठा किती आहे. चरबी कमी झाली की लेप्टिन पडतं आणि मेंदूला दुष्काळ आल्यासारखं वाटतं. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून वजन उतरवलं आणि वर्षभराने त्यांचं रक्त परत तपासलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन तेव्हाही चढलेलं, पोट भरल्याचं सांगणारे हार्मोन तेव्हाही उतरलेले. म्हणजे डाएट संपून वर्ष झालं तरी शरीर अजून वसुलीला बसलेलं. अमेरिकेत एक वजन कमी करायची टीव्ही स्पर्धा होती, तिच्यातल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांच्या गटाने ६ वर्षांनी परत तपासलं, २०१६ ला ते छापून आलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं, आणि त्यांच्या वजनाच्या माणसाने नुसतं बसून जितक्या कॅलरी जाळायला पाहिजेत त्यापेक्षा ते दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होते. ६ वर्षांनी! भूक जास्त आणि खर्च कमी, दोन्ही बाजूंनी मार. असल्या खेळात निर्धार हरला तर त्याला आळस म्हणणारे लोक उंटावरून शेळ्या हाकतायत एवढंच मी म्हणेन.

तरी पण याचा अर्थ कुणी असा काढू नका की प्रयत्न करून उपयोग नाही. तो मुद्दा येतोय पुढे.

औषधांकडे येतो. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचा हार्मोन सोडतात. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन वाढवायला सांगतो, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतो आणि मेंदूला कळवतो की पुरे आता. अडचण ही की आपला स्वतःचा जीएलपी-१ दोनेक मिनिटांत मोडतो. औषध म्हणून वापरायचा तर टिकायला पाहिजे. वाट कुठे सापडली तर गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत, जॉन एंग यांनी १९९२ मध्ये त्यातलं एक्सेंडिन-४ वेगळं केलं, जे आपल्या हार्मोनसारखंच काम करतं पण लवकर मोडत नाही. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये डायबिटीससाठी बाजारात आलं. (सरड्याच्या लाळेत असलं काही शोधायला बसलेल्या माणसाला त्या वेळी घरचे काय म्हणत असतील.) मग लिराग्लुटाइड, रोज टोचायचं. मग सेमाग्लुटाइड, जे शरीरात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं म्हणून आठवड्यातून एकदाच. डायबिटीससाठी ओझेम्पिक नावाने २०१७ ला आणि वजनासाठी वेगोव्ही नावाने २०२१ ला अमेरिकेत मंजूर. त्यानंतर टिर्झेपाटाइड, हे जीएलपी-१ सोबत जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही सोंग घेतं.

ताईने सेमाग्लुटाइडचं पहिलं इंजेक्शन घेतलं तेव्हा मी तिथेच होतो. केवढं तरी नाटक होईल असं वाटलं होतं, झालं काहीच नाही. पेन फ्रीजमधून काढून थोडा वेळ टेबलावर ठेवलं, पोटाच्या बाजूला चिमटीत कातडी धरली, टक् असा आवाज, मनात सहापर्यंत मोजलं आणि झालं. सुई केसाएवढी. सगळ्यात छोटा डोस, ०.२५ मिलिग्रॅम, पहिले चार आठवडे तोच. खरी गोष्ट पुढे सहाव्या का सातव्या आठवड्यात घडली. दुपारी चारला तिचा फोन, आवाज घाबरल्यासारखा. "अरे, मी जेवायचं विसरले." मी म्हटलं मग जेव की आता. तर म्हणाली, "तसं नाही रे, मी आयुष्यात कधी जेवण विसरलेली नाहीये. डोक्यात एकदम शांत आहे. तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात असंच शांत असतं का कायम?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण माझ्याही डोक्यात शांत नसतं. पण ज्यांच्या असतं त्यांनी जरा विचार करावा की आपण ज्याला आपला संयम म्हणतो तो कितपत संयम आहे आणि कितपत जन्मजात मिळालेली शांतता आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून हे पुरेसं स्पष्ट झालंय की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, अगदी वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी पण वजनाने एकमेकांसारखी निघतात.

आता आकडे. २०२१ ला आलेली स्टेप-१ नावाची ट्रायल, १९६१ माणसं, ६८ आठवडे. सेमाग्लुटाइडवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. हा आकडा सगळे सांगतात, पण त्यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कुणीच सांगत नाही. खोटं इंजेक्शन घेणारे नुसते बसून नव्हते. दोन्ही गटांना दर चार आठवड्यांनी सल्ला मिळत होता, रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला १५० मिनिटं चाला. म्हणजे आपण सगळे ज्याला त्याला जो फुकट सल्ला देतो तोच, शिवाय नीट पाठपुरावा करून. आणि त्याचं सरासरी फळ २.४ टक्के. शंभर किलोच्या माणसाचे अडीच किलोसुद्धा नाहीत.

पण थांबा, इथे मी डाएटवाल्यांवर अन्याय करत नाही. ट्रायलमधला जुजबी सल्ला म्हणजे लाइफस्टाइलची कमाल मर्यादा नव्हे. अमेरिकेत डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम झाला, २००२ ला निकाल, ३२३४ माणसं, सगळी डायबिटीसच्या उंबरठ्यावरची. त्यांच्यातल्या एका गटाला मन लावून, माणूस हाताशी देऊन, खाणं आणि व्यायाम शिकवला. त्यांच्यात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. गोळी हरली! आणि वजन किती उतरलं होतं? सरासरी साडेपाच किलोच्या आसपास. आरशात दिसणारही नाही एवढं. माझ्या मते हा अख्ख्या वादातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे. साडेपाच किलोवर माणूस म्हणतो छ्या, काही फरक नाही, सोडा ते चालणं, आणि आत शरीरात केवढी उलथापालथ झालेली असते.

ब्रिटनमधल्या डायरेक्ट ट्रायलमध्ये ३०६ डायबिटीसचे पेशंट होते, त्यातल्या निम्म्यांना काही महिने अगदी कमी कॅलरींच्या पेयांवर ठेवलं, मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षाने त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय आटोक्यात होती, दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात पहिल्या वर्षी ८६ टक्के. डाएटने होतं, जबरदस्त होतं, पण ४६ चे ३६ होतात तेही बघा. आणि लुक अहेड म्हणून ट्रायल झाली ५१४५ डायबिटीसच्या पेशंटांवर, जवळपास दहा वर्षं, वजन पहिल्या वर्षी ८.६ टक्के उतरलं, शेवटी ६ टक्क्यांवर आलं, लोकांची हालचाल सुधारली, औषधं कमी लागली, पण हार्ट अॅटॅक आणि स्ट्रोक काही कमी झाले नाहीत, म्हणून २०१२ ला ती थांबवली. उलट सिलेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये, २०२३, १७,६०४ माणसं, सगळ्यांना आधीच हृदयविकार किंवा तत्सम काहीतरी, वजन जास्त पण डायबिटीस नाही, तिथे सेमाग्लुटाइडने हार्ट अॅटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. आता २० टक्के म्हणजे कशाचे २० टक्के हे विचारायची सवय लावून घ्या, मूळ आकडे आहेत ८ टक्के विरुद्ध साडेसहा टक्के, सव्वातीन वर्षांत. म्हणजे शंभरातले दीड जण वाचले. कमी नाही, पण जादू पण नाही. आणि त्याच ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्यांतल्या साधारण सहांतल्या एकाने त्रासामुळे औषध कायमचं सोडलं.

तर आता त्रासाबद्दल, कारण औषधाची बाजू घेणारे इथे येऊन जरा पुटपुटतात. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ, हे किरकोळ लोकांना नाही, स्टेप-१ मध्ये औषधवाल्यांपैकी ७४ टक्के लोकांना पोटाचा काही ना काही त्रास झाला. बहुतेकांचा डोस वाढवण्याच्या काळात झाला आणि गेला. ताईला डोस वाढवला की दोन दिवस कुणाच्या घरच्या फोडणीचा वास आला तरी ढवळायचं. पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. स्वादुपिंडाला सूज, क्वचित, पण येते. थायरॉइडच्या एका विशिष्ट प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास घरात असेल तर घेऊ नका अशी सूचना असते, उंदरांमध्ये तसल्या गाठी दिसल्या म्हणून. गरोदरपणात तर अजिबात नाही.

आणि आधीचा इतिहास बघता वजनाच्या औषधांवर लोकांचा विश्वास नसणं मला पूर्ण पटतं. १९३३ च्या सुमारास डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवायला वाटलं गेलं, माणसं आतून तापून मेली, कित्येकांना मोतीबिंदू झाले. १९९७ मध्ये फेन्फ्लुरामीन हृदयाच्या झडपा खराब करतं म्हणून मागे घेतलं. रिमोनाबंट नैराश्य आणतं म्हणून २००८ ला युरोपात थांबवलं, सिब्युट्रामीन २०१० ला हृदयावरच्या परिणामामुळे, लॉर्केसेरिन २०२० ला कॅन्सरच्या शंकेमुळे. दुधाने तोंड पोळलेलं आहे, ताक फुंकून प्यायलाच पाहिजे. फरक एवढाच की या नव्या कुळातली औषधं २००५ पासून डायबिटीसच्या पेशंटांना दिली जातायत आणि हृदयाच्या बाबतीत ती नुकसान करताना नाही, फायदा करताना दिसलीयत. तीस वर्षं घेतली तर काय, याला तीस वर्षं जावी लागतील, त्याला इलाज नाही.

मला स्वतःला खरी काळजी वाटते ती दोन गोष्टींची. पहिली मसलची. स्टेप-१ मधल्या काही लोकांचं शरीर स्कॅन करून बघितलं तर उतरलेल्या वजनातला साधारण ४० टक्के भाग चरबीचा नव्हताच. तो सगळाच मसल असतो असं नाही, त्यात पाणी वगैरे पण धरलेलं असतं, तरी बराच मसल असतो. आणि हे फक्त औषधाने होतं असं नाही, कडक डाएटने पण होतं, माझंही झालं असणार, कारण तेव्हा मी फक्त चाललो, एक वजन उचललं नाही. साठीच्या माणसाचं वजन १५ किलोने कमी झालं आणि त्याला खुर्चीतून हात न टेकता उठता येईना, तर काय कमावलं?

दुसरी काळजी थांबवण्याची. स्टेप-१ संपल्यावर काही लोकांचा आणखी वर्षभर पाठपुरावा केला, औषध बंद, सल्ला पण बंद. उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत. टिर्झेपाटाइडचंही तेच, ३६ आठवडे सगळ्यांना दिलं, मग निम्म्यांचं गुपचूप बंद केलं, बंद झालेल्यांचं पुढच्या वर्षभरात १४ टक्के वाढलं आणि चालू राहिलेल्यांचं अजून साडेपाच टक्के उतरलं. लोक म्हणतात बघा, औषध सोडलं की सगळं मुसळ केरात, म्हणजे औषध फसवं. अहो मग बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढतं म्हणून बीपीची गोळी फसवी का? डाएट सोडल्यावर पण वजन येतंच की, तेव्हा आपण डाएटला फसवं म्हणत नाही, माणसाला फसवा म्हणतो. हा दुटप्पीपणा मला झोंबतो.

पण दुसऱ्या बाजूने हेही खरं की बीपीची गोळी सुरू करताना माणसाला माहीत असतं की ही लांबची सोबत आहे. वजनाच्या इंजेक्शनचं तसं होत नाहीये. लोक सहा महिन्यांच्या हिशोबाने सुरू करतात, जणू काही कोर्स आहे, कोर्स संपला की बरे झालो. त्यात मग ते लोक ज्यांना समारंभाच्या आधी पाच किलो कमी करायचेत. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातला प्रकार. ट्रायलमध्ये घेतलेल्या लोकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० किंवा जास्त होता, किंवा २७ च्या वर आणि सोबत वजनामुळे बळावणारा एखादा आजार. पाच किलोवाल्यांवर हे औषध तपासलेलंच नाही, त्यांच्यासाठी त्रास खरा आणि फायदा फोटोपुरता. डॉक्टरला न दाखवता ऑनलाइन कुठून तरी मागवून स्वतःच डोस ठरवणारे पण आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

इथे लाइफस्टाइलचा खरा हक्क येतो. कोपनहेगनमध्ये १९५ लोकांवर एक सुंदर ट्रायल झाली, २०२१ ला आली. सगळ्यांना आधी ८ आठवडे कमी कॅलरींच्या डाएटने सरासरी १३ किलो उतरवायला लावले. मग चार गट, एकाला व्यायाम, एकाला लिराग्लुटाइड, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. वर्षाने दोन्हीवाला गट सगळ्यांत पुढे, चरबी सगळ्यात जास्त त्यांचीच गेली. आणि मजा पुढे आहे, सगळं बंद करून अजून वर्ष गेल्यावर परत तपासलं तर नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन जास्त परत आलं, ज्यांनी औषधासोबत व्यायाम केला होता त्यांनी बरंच जास्त टिकवून धरलं. म्हणजे "औषध की व्यायाम" असं विचारणारा माणूस चष्मा की डोळे असं विचारतोय.

ताईचं मी जवळून बघितलं. आधी तिला कुणी व्यायाम कर म्हटलं की ती चिडायची, आणि बरोबर चिडायची, कारण दुखऱ्या गुडघ्यावर शंभर किलो घेऊन पायऱ्या चढायला सांगणं हा सल्ला नाही, शिक्षा आहे. ८ किलो उतरल्यावर ती आपणहून चालायला लागली. आता आठवड्यातून तीनदा भिंतीला हात टेकून उठाबशा काढते, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन हातांत घेऊन उचलते, जेवताना प्रथिनं आधी खाते कारण नंतर पोटात जागाच उरत नाही. डाएटने जे जमलं नाही ते औषधाने जमवलं हे खरंच, पण औषधाने तिला डाएट आणि व्यायाम जमण्याच्या लायकीचं केलं, हे मला जास्त मोठं वाटतं. क्रम उलटा पण असू शकतो हे आपल्या डोक्यातच येत नाही, आधी लायकी सिद्ध करा मग औषध मिळेल, असंच आपण धरून चालतो. हल्ली बरेच डॉक्टरही असं सांगतात की आधी सहा महिने मनापासून प्रयत्न करा, मग बघू. ज्याने वीस वर्षं प्रयत्न केलेत त्याला अजून सहा महिने कशासाठी? प्रायश्चित्त म्हणून?

एक आक्षेप मात्र माझ्याकडून खोडून निघत नाही. २०२२ पर्यंत जगात शंभर कोटींहून जास्त लोक स्थूल होते. अनुवंशिकता दोन पिढ्यांत बदलत नाही, बदललं ते आजूबाजूचं खाणं. त्याच केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं कमी प्रक्रियेचं, साखर-मीठ-चरबी-तंतू समोर ठेवताना सारखेच, पाहिजे तितकं खा म्हणून सांगितलं. पाकीटबंद अन्नावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. आपण आधी माणसांना भूक चाळवणारं अन्न विकायचं आणि मग भूक मारणारं इंजेक्शन विकायचं, यात कुणाचा तरी दोन्हीकडून धंदा होतो. आणि ज्याला परवडेल त्याचीच भूक शांत होणार, बाकीच्यांना निर्धाराची प्रवचनं. डिसेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्थूलतेसाठी या औषधांना अटींसह मान्यता देताना नुसतं औषध पुरणार नाही असं म्हटलंच आहे, आणि किंमत आणि पुरवठ्याचा प्रश्नही मांडलाय. तो सुटेपर्यंत ताईसारखी सुदैवी माणसं थोडीच असणार. पण त्यासाठी ताईला खजील व्हायला लावण्यात काय अर्थ आहे ते मला समजत नाही, घराला आग लागलेली असताना आग का लागली याची चौकशी जरूर करा, फक्त तोवर पाणी मारणाऱ्याला शॉर्टकटवाला म्हणू नका.

माझं सांगायचं तर आज माझा बीएमआय ३१ आहे, बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे आणि वडिलांना पन्नाशीतच हार्ट अॅटॅक येऊन गेलाय. पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. ताई म्हणाली प्रश्न लिहून ने, तिथे गेल्यावर डोकं ब्लँक होतं. तर लिहिलेत. वर्षाने थांबवायचं ठरवलं तर कसं थांबवायचं. मसल किती गेला हे मोजायचं कशाने आणि कधी. पित्ताशयाची सोनोग्राफी आधी करून घेऊ का. आणि औषध न घेता, नुसतं वजन उचलणं सुरू केलं आणि ९६ चे ९२ झाले तर माझ्या केसमध्ये तेवढं पुरेल का, कारण पुरत असेल तर मला तेही चालणार आहे. घरी कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे मात्र अजून ठरत नाहीये.